ओव्हनला हात लागला

अमेरिकेतल्या अल्फारेटात राहायला गेलो त्याच आठवड्यात तिथल्या एका काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वीस वर्षांपासून तिथे राहणाऱ्या, नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला हाताशी धरणाऱ्या काकू. ताजी कढीलिंबाची पानं कुठल्या दुकानात मिळतात, ड्रायव्हिंग टेस्टला कुठल्या ऑफिसात जायचं नाही, सगळं त्यांनी सांगितलं. निघताना माझ्या मुलीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "एक लक्षात ठेव हं. इथे पोरांना हात लावायचा नाही. आणि रागाच्या भरात लागलाच, तर शाळेत काय सांगायचं ते आधी पढवून ठेवायचं. नाहीतर पोरं घेऊन जातात हे लोक." मी मान डोलावली. सल्ल्याचा पहिला भाग मी ऐकला आणि दुसरा लक्षात ठेवला.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आम्ही भावंडं नागपूरला मार खाऊन वाढलो आणि त्याचे किस्से अजून हसत हसत सांगतो. बाबांनी पट्ट्याने झोडपल्याची हकिगत माझा भाऊ पाहुण्यांना रंगवून सांगतो आणि पाहुणेही स्वतःची भर घालतात. त्यामुळे पाठीत धपाटा म्हणजे मार, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

ही २००५च्या आसपासची गोष्ट. नवरा सोमवारी पहाटे विमानाने ओहायोतल्या डब्लिनला क्लायंटकडे जायचा, तो गुरुवारी परत यायचा. माझ्याकडे गणितातली एम.एस्सी. होती आणि व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. मग ते सगळं गणित सात वर्षांच्या एकुलत्या एका पोरीच्या वाट्याला आलं. संध्याकाळी मी पोळ्या करायची आणि तिने फ्रिजला टेकून मराठीतून पाढे म्हणायचे, असा आमच्या घरचा नेम होता. इथली मुलं बोटांवर मोजतात, आपली मोजणार नाहीत, असा माझा ताठा.

त्या दिवशी तेराचा पाढा चालला होता. तेरा सकवर ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा अडल्यावर ती वैतागून म्हणाली, "सेव्हंटी एट! आय नो इट, आई. मराठीत कशाला म्हणायचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात उलथनं होतं, तेच मी तिच्या हातावर मारलं.

त्याच उलथन्याने मी नुकतीच तव्यावरची पोळी दाबली होती. ते तापलेलं आहे हे मारताना मला माहीत होतं की नव्हतं? इतक्या वर्षांनंतरही मला याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

डाव्या कोपराखाली दोन बोटं रुंदीचा, सरळ, लाल पट्टा उमटला. मी नळाखाली तिचा हात धरला, मलम लावलं, तिला मांडीवर घेऊन तिच्याहून जास्त रडले. तूप-साखर लावून पोळी भरवली. आणि तिचे हुंदके थांबताक्षणी विचारलं, "उद्या टीचरने विचारलं तर काय सांगशील?"

"दॅट यू हिट मी."

"नाही. ओव्हनला हात लागला म्हणायचं."

"पण दॅट्स अ लाय."

"मग ते आईला घेऊन जातील. नाहीतर तुला. चालेल का?"

तिने नकारार्थी मान हलवली. मी तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. ओव्हनमध्ये काय होतं? कुकीज. कुठल्या? चॉकलेट चिपच्या. मी गणिताची माणूस, उत्तर पक्कं करून घेतल्याशिवाय सोडणार कशी.

दुसऱ्या दिवशी, सप्टेंबरच्या त्या घामट उकाड्यात, मी तिला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत पाठवलं. टीचरने विचारलंच. तिने सांगितलं. टीचरने तिला धीट मुलगी म्हणून एक स्टिकर दिला. तो बघून मला शरम वाटायला हवी होती. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या शनिवारी दुपारी काकूंकडे आम्ही पाच बायका जमलो होतो. पुरुष बाहेर लाकडी डेकवर पत्ते खेळत होते, मुलं खाली बेसमेंटमध्ये होती. कुणीतरी लायब्ररीतून एका इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी आणली होती. सिनेमा इथलाच, अमेरिकेच्या दक्षिणेतला. चाकांवरचं जुनाट घर, दारात गंजलेली गाडी, दारुडा सावत्र बाप आणि त्याच्या हातचा मार खाणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. आई सगळं बघते, सगळं समजते आणि नवऱ्याला सोडत नाही.

आम्ही समोसे खात खात हळहळत होतो. "बिच्चारी पोर," एक म्हणाली. "या लोकांना कुटुंब म्हणून काही नसतंच यार," दुसरी म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "असल्या बायकांना मुलं होऊच देऊ नयेत," असं मी म्हणाले, अगदी याच शब्दांत.

मग तो प्रसंग आला. मुलीचा हात मोडलेला. आई तिला ट्रकमधून दवाखान्यापर्यंत नेते, पण आत नेत नाही. गाडी थांबवून तिचे केस नीट करते, तोंड पुसते, आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहते.

"अगं, आत ने ना तिला! आता काय करतेय ही बाई?" काकू म्हणाल्या.

"शी इज टेलिंग हर व्हॉट टू से," माझ्या मागून आवाज आला.

माझी मुलगी पाणी प्यायला वर आली होती आणि सोफ्याच्या मागे उभी होती. लहान बहिणीला एखादा खेळ समजावून सांगावा, तसं तिने आम्हाला समजावलं. "डॉक्टरनी विचारलं की तिने तेच सांगायचं. विसरायला नको म्हणून प्रॅक्टिस करतात. अदरवाइज दे टेक द मॉम अवे."

"किती हुशार आहे गं तुझी!" कुणीतरी हसून म्हणालं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या लांब बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, रिमोट उचलून सिनेमा थांबवला आणि म्हणाल्या, "चहा टाकते मी." बस, एवढंच. त्यांना कळलं होतं, आणि मला वाटतं, आणखी एकदोघींनाही कळलं होतं. पण सगळ्यांनी आलं घालायचं की वेलची यावर बोलायला सुरुवात केली. त्या पडद्यावरच्या बाईने निदान स्वतः मारलं नव्हतं.

घरी जाताना गाडीत मी मुलीला म्हणाले, "सोमवारी टीचरला खरं सांग. आई रागावणार नाही."

"नो."

"अगं, मी सांगतेय ना!"

"नो, आई. मग ते तुला नेतील." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. भीती मीच घातली होती, आता ती काढायची कशी हे मला येत नव्हतं. नवरा गाडी चालवत होता. घरी आल्यावर त्याने तिचा हात बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, "बरं होतंय ना? मग आता उकरून काढू नकोस. ग्रीन कार्डचं चाललंय. पुन्हा मारू नको, झालं." तो दुष्ट नाही. घाबरलेला होता, मीही होते. पण तो डाग पंधरा दिवसांत गेला असता. आईसाठी खोटं बोलायचं असतं हे ती जन्मभर विसरली नसती. मला ते नको होतं. त्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सोमवारी तो ओहायोला गेला आणि मी शाळेत गेले. टीचरला सांगितलं, "ओव्हन नव्हता. मी मारलं." तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, की आता तिला हे कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा.

बुधवारी दुपारी बालसंरक्षण खात्याच्या एक सरकारी बाई घरी आल्या. उंच, पन्नाशीच्या, आणि उच्चार अगदी त्या सिनेमातल्या माणसांसारखे लांबवलेले. इथल्याच एखाद्या खेड्यात वाढल्या असणार. त्यांनी माझं सगळं म्हणणं लिहून घेतलं, घर पाहिलं, मग मुलीला घेऊन तिच्या खोलीत बसल्या. दार अर्धवट उघडं होतं. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ओव्हनला हात लागला, माझी मुलगी सांगत होती. कुकीज होत्या. चॉकलेट चिपच्या. बाईंनी हळुवारपणे सांगितलं, की तुझ्या आईने मला सगळं सांगितलंय, ती कुठे जाणार नाही. त्यावर मुलगी म्हणाली, "मॉम वॉझन्ट इव्हन इन द किचन."

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

बाई बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या. "तुम्ही खरं बोललात," त्या म्हणाल्या. "ओव्हनच्या जाळीचा चटका बारीक रेघेसारखा असतो, असा दोन बोटं रुंद नसतो. पण मुलं आईला वाचवतात हो. कुठल्याही घरातली." पालकांच्या वर्गाचा कागद त्यांनी दिला, दर गुरुवारी जायचं, आणि आपण पुन्हा येऊ असं सांगितलं. कुणी कुणाला घेऊन गेलं नाही. दारापर्यंत जाऊन मी त्यांचे आभार मानले. ते मनापासून होते.

मी परत येऊन सोफ्यावर बसले. मुलगी खोलीतून बाहेर आली. तिचे डोळे चमकत होते. बक्षीस मिळणार अशी खात्री असलेल्या मुलासारखी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मी नीट सांगितलं ना, आई?"

मला तिच्यापुढे डोकं टेकावंसं वाटलं. तिला जवळ घ्यावं, नीट समजावून सांगावं म्हणून मी म्हणाले, "नाही गं राजा, तसं नव्हतं सांगायचं," आणि हात पुढे केला.

तिने डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पाठीमागे लपवला.