नावापुढच्या तीन फुल्या

क्रांती चौकातून स्कूटीनं दहा-बारा मिनिटांवर असलेल्या एका सरकारी शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. शिस्तीची बाई अशी माझी ख्याती आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती मला आवडते. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला असतो तेव्हा माझ्या वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू येते. दर शनिवारी परिपाठाच्या शेवटी मुख्याध्यापक 'आदर्श वर्ग' असं लिहिलेली पाटी एका वर्गाला देतात. ती आमच्या दारावर इतके शनिवार लटकली होती की मुलं तिला आमचीच समजायची. मीही.

माझी पद्धत साधी होती. ऑनलाइन माहिती भरायला दिवसातून एकदा तरी कार्यालयात जावं लागतं. हल्ली शिकवणं हे माहिती भरण्याच्या मधल्या वेळात करायचं काम झालं आहे. मी वर्गाबाहेर पडले की मॉनिटरनं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'गडबड करणारी मुले' असं लिहायचं आणि खाली नावं. त्याच मुलानं परत गडबड केली की नावापुढं फुली. तीन फुल्या झाल्या की ते नाव मी वर्तन नोंदवहीत घ्यायचं. वहीत नाव पाच वेळा आलं की पालकांना बोलावणं. नियम सगळ्यांना सारखा, हे वाक्य मी पालकसभेत दरवर्षी म्हणायचे आणि पालक माना डोलवायचे.

ती मुलगी जूनमध्ये माझ्या वर्गात आली. आमच्याच शाळेत तिसरीपर्यंत होती, पण दुसऱ्या तुकडीत. वय नऊ. तिला शब्द नव्हते. एक लांब, एका सुरातला हुंकार होता; तो सुरू झाला की दहा-दहा मिनिटं चालायचा आणि त्याबरोबर ती पुढं-मागं झुलायची. घंटा झाली की दोन्ही कान दाबून बाकाखाली जायची. अशा मुलांनी सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकावं, हे सरकारी धोरण मला मान्य होतं. प्रशिक्षणात मी त्यावर उठून बोललेसुद्धा होते आणि टाळ्याही मिळाल्या होत्या. तिला मी पहिल्या बाकावर, डाव्या बाजूला, फळ्याच्या अगदी जवळ बसवलं. माझ्या मते समावेशक शिक्षण इथं पूर्ण झालं होतं.

पंधरा दिवसांतून एकदा अशा मुलांसाठी नेमलेल्या फिरत्या बाई यायच्या. त्या तिच्यासमोर वाळूचा ट्रे ठेवून तिचं बोट धरायच्या आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवून घ्यायच्या. ती वाळू मुठीत घेऊन हळूहळू सोडायची. अक्षर काही उमटायचं नाही. दिवाळीपर्यंत हेच चाललं. फिरत्या बाईंचा धीर सुटला नव्हता. माझा मात्र ऑगस्टमध्येच सुटला होता, कारण ऑगस्टमध्ये आदर्श वर्गाची पाटी तिसरीच्या दारावर गेली.

तिचं नाव रोज फळ्यावर यायचं. रोज तीन फुल्या. मी कार्यालयातून परतायचे, कोपऱ्याकडे बघायचे आणि वही उघडायचे. 'सतत आवाज करते. वर्गाला व्यत्यय.' पहिल्या आठवड्यात हे लिहिताना हात थोडा अडखळला होता. नंतर सवय झाली.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी ती वही चाळली आणि म्हणाले, "मॅडम, हिचा गृहाधारितचा प्रस्ताव करू या." गृहाधारित शिक्षण म्हणजे मूल घरी राहणार, नाव पटावर राहणार आणि महिन्यातून काही वेळा शिक्षक घरी जाऊन शिकवणार. ज्यांना शाळेपर्यंत येताच येत नाही अशा मुलांसाठी ही सोय आहे. ही तर रोज चालत यायची. पण फॉर्मवर 'कारण' या रकान्याला जागा बरीच होती. मी लिहिलं, 'वर्तन समस्या. अक्षरओळख नाही. स्वतःचे नाव लिहिता येत नाही.' खाली सही केली. आता आईची सही राहिली होती.

आई एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. वहीच्या आधीच्या बोलावण्यांना तिला मेसमधून सुटता आलं नव्हतं; या वेळी निरोप गेल्यावर कणकेच्याच हातानं आली. मूळची पैठणकडची. फॉर्म तिला वाचून दाखवला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "घरी म्हंजी कुनापाशी? मी पहाटं जाती ती दुपारी येती. कुलूप लावून जाऊ का तिला?" मुख्याध्यापक म्हणाले, घाई नाही, शनिवारी या, विचार करून या. ती निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "दोन दिस माह्या भावाकडं जाती, पोराचं जावळ हाय. तिला बी घिऊन जाती. मंग शनिवारी येतीच."

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट. मी कार्यालयातून परत आले, डाव्या कोपऱ्यात तिचं नाव आणि तीन फुल्या पाहिल्या, वही काढली आणि नोंद केली. 'सतत आवाज करते. वर्गाला व्यत्यय.' तेवढ्यात खिचडी करणाऱ्या मावशी दारात आल्या, "म्याडम, किती जन हायेत आज?" मी हजेरी उघडून आकडा सांगितला. त्यांनी मुलं मोजली, जुळलं, त्या गेल्या. माझी नजर मात्र हजेरीवरच राहिली. तिच्या नावापुढं सकाळी मीच गैरहजेरी मांडली होती. दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या आणि दोन्हींत अक्षर माझंच होतं. ती पैठणला मामाच्या घरी होती आणि माझ्या वर्गाला व्यत्यय आणत होती.

मॉनिटरला बोलावलं. हुशार, नीटनेटकी पोरगी. ती घाबरली नाही, कारण आपलं काही चुकलंय असं तिला वाटलंच नव्हतं. "मॅडम, तिचं तर रोजच असतं ना. मी सकाळी तारीख लिहिती तवाच लिहून ठेवती. मंग बाकीच्यांकडं ध्यान देता येतं."

"आणि फुल्या?"

"त्या बी."

मी तिला रागावले नाही. रागावणार कोणत्या तोंडानं? मीसुद्धा पुढच्या आठवडाभराच्या पाठांचं टाचण आदल्या शनिवारीच लिहून मोकळी होते. पोरगी माझ्याकडूनच शिकली होती.

कधीपासून लिहून ठेवतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "गणपतीपासून." म्हणजे त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोंदी कशाच्या होत्या हे मलाच माहीत नव्हतं. ती हुंकार द्यायची हे खरं. रोज द्यायची का, ते मी पाहिलं नव्हतं. मी फळा पाहिला होता.

मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. ते वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, "मॅडम, एका दिवसाच्या चुकीनं बाकीचे दिवस खोटे ठरत नाहीत. आणि नाव तर पटावर राहतंच आहे. तुमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचा विचार करा." मी विचार करते म्हणाले. खरं सांगायचं तर घरी जाताना मला थोडं सुटल्यासारखंच वाटलं होतं. चूक कबूल केली, वर साहेबांनी ती पोटात घातली, प्रस्ताव जागच्या जागी राहिला. याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी आई आली. मुलगी बरोबर होती, कार्यालयाच्या दारात चपला ओळीनं लावत बसली. आईनं पदराआडून घडी केलेला कागद काढला. मेसमधल्या जुन्या कॅलेंडरचं पान, मागची कोरी बाजू. "सही करती," ती म्हणाली, "पर त्याच्या आधी येक इचारायचं व्हतं. ही दिवाळीपासून घरात भिंतीवर कोळशानं येकच लिवती. ह्या कागदावरबी तिनंच लिवलंय. मी शिकेल नाय, सहीपुरतं येतं. मेसच्या ताईला दावलं तर त्या म्हनल्या, अगं, हे तर तिचं नाव हाय. मला लई बरं वाटलं. पर त्याच्याम्होरं हे काय लिवलंय ते त्यांनाबी कळंना. आडनाव हाय का?"

पानभर ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तिचं नाव, वाकडं पण पूर्ण, वेलांटीसकट, आणि पुढं तीन फुल्या. एकाही ओळीत दोन नाहीत, चार नाहीत.

पाच महिने ती पहिल्या बाकावर फळ्याच्या त्या कोपऱ्यासमोर बसली होती. वर्गात इतर सगळं पुसलं जायचं आणि बदलायचं. तेवढंच रोज सकाळी तसंच परत यायचं, एकाच जागी, मॉनिटरच्या सुवाच्य अक्षरात. वाळूच्या ट्रेला जे जमलं नव्हतं ते माझ्या शिक्षेनं शिकवलं होतं.

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत होते. आडनाव नाही, वर्गाची खूण आहे, असं सांगून सुटता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण ते माझ्याच्यानं बोलवलं नाही. मी म्हणाले, "ताई, वर्गात कुणी गडबड केली की आम्ही नाव लिहून फुली मारतो. हिला रोज तीन मिळायच्या. ती नव्हती त्या दिवशीसुद्धा मिळाल्या."

आईनं कागद परत हातात घेतला आणि फुल्यांवरून बोट फिरवलं. मग घडी घातली. "असू द्या," ती म्हणाली. "लिवलं तर तिनंच हाय ना." आणि सहीसाठी पेन मागितलं.

मी पेन दिलं नाही. समोरचा फॉर्म उचलून 'स्वतःचे नाव लिहिता येत नाही' या ओळीवर बोट ठेवलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, हे मी खोटं लिहिलंय. यावर यांची सही घेता येणार नाही." त्यांनी ओळ वाचली, मग कॅलेंडरचा कागद मागून घेऊन तो पाहिला. शेवटी म्हणाले, "बरं. राहू द्या वर्गात."

त्यानंतर फळ्याचा तो कोपरा रिकामा राहू लागला. हुंकार सुरू झाला की तिच्या शेजारी बसणारी मुलगी तिला व्हरांड्यात घेऊन जायची. दोघी दोन फेऱ्या मारून यायच्या. कधी चार. वर्गात आता पंख्याची कुरकुर ऐकू येत नाही. आदर्श वर्गाची पाटी परत आमच्याकडे आलेली नाही आणि ती यावी असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

मार्चमध्ये मी तिला नाव नुसतं लिहून दाखवलं, फुल्यांशिवाय. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला खडू घेतला आणि राहिलेल्या तीन फुल्या काळजीपूर्वक पूर्ण केल्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. फिरत्या बाई म्हणाल्या, हळूहळू सुटेल. अजून सुटलेलं नाही. ती आता पाचवीत आहे. तिथले सर परवा तिची चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आले आणि विचारत होते, ही मुलगी नावापुढं फुल्या का मारते, कुणी शिकवलं?

मी म्हणाले, मी.