मनाने भरलेली नावं

स्वतःचं नाव माझ्या बायकोच्या आत्याइतक्या मोठ्या आवाजात सांगणारी बाई सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या टापूत दुसरी झाली नाही. बसमध्ये कंडक्टरने "कुठं जायचं?" विचारलं की त्या आधी "सुभद्रा" म्हणतात आणि मग "पांढुर्णा". फोन उचलला की हॅलो नाही, सुभद्रा. जामसांवलीला मारुतीपुढे उभ्या राहिल्या की डोळे मिटायच्या आत "सुभद्रा आली" अशी वर्दी देतात. एवढ्या गर्दीत त्याने तरी कोणाकोणाला ओळखावं, असा त्यांचा विचार. लग्नपत्रिकेवर 'श्री. अमुक आणि परिवार' असं लिहून आलं तर पत्रिका आणणाऱ्याच्या हातात परत देतात. "परिवार नावाचं इथं कोणी नाही राहत बापा. इथं सुभद्रा राहते." नवी सून बघायला गेल्या की चेहरा नंतर, नाव आधी. एका घरी सासूने कौतुकाने सांगितलं, सुनेचं नाव आम्ही श्रद्धा ठेवलं. आत्याबाईंनी काढलेली साडी पिशवीत परत टाकली. "हे तुमी ठेवलेलं झालं. मायबापानं ठेवलेलं काय होतं व बाई?" पोरगी पुटपुटली, "वंदना." "हाव, मंग ही साडी वंदनाची," म्हणत साडी पुन्हा बाहेर आली. त्या घराने पुढे वर्षभर आत्याबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वंदना मात्र दर संक्रांतीला त्यांच्याकडे येऊन जायची.

हे वेड त्यांना कुठून लागलं याची एक गोष्ट आमच्या भागात सांगतात आणि पोट धरून हसतात. पन्नासेक वर्षांपूर्वी मतदानाच्या दिवशी आत्याबाई स्वतःचं नाव विसरल्या, चिठ्ठीवरचं नाव आपलं नाही म्हणाल्या आणि मत न देता शाळेच्या दारात बसून राहिल्या. तेव्हापासून पुन्हा विसरू नये म्हणून नाव सारखं घोकत असतात. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी चारचौघांबरोबर हसलो. आता माझी शहात्तरी उलटली. खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

मी तेव्हा त्या गावात नवा मास्तर होतो आणि मतदारयादीचं काम माझ्याकडे आलं होतं. घरोघरी जाऊन प्रत्येकाला विचारून नाव लिहायचं, असा हुकूम होता. पण दिवस संत्र्याच्या तोडीचे. गावातले सगळे पुरुष एकाच बगीच्यात सापडले, म्हणून मीही तिथेच बाजेवर यादी घेऊन बसलो. पुरुषांची नावं भराभर झाली. बायकांची विचारली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्याकडे नवराही बायकोचं घेत नव्हता, 'पोराची माय' म्हटलं की भागत होतं. एक जण लाजत म्हणाला, "लग्नात एकदा घेतलं होतं मास्तर. मंग काही काम नाही पडलं." दुसरा संत्री निवडता निवडता म्हणाला, "लिहा ना काही पण. बाईचंच त नाव आहे." मी लिहिलं. आधी देवी झाल्या, लक्ष्मी, पार्वती, सरस्वती. मग नद्यांकडे वळलो. गंगा, जमना, गोदावरी, नर्मदा, तापी, वैनगंगा. आमच्या जाम नदीपाशी येऊन मात्र थांबलो. जामबाई हे नाव वरच्या हापिसानेही खरं मानलं नसतं. आत्याबाईंच्या वाट्याला वैनगंगा आली होती.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर चिठ्ठ्या वाटायला होतो. बाया पदर सावरत आल्या, हातात जी नदी पडली ती घेऊन आत गेल्या आणि मत देऊन घरी गेल्या. सरकारी काम असंच असतं अशी त्यांची समजूत. आत्याबाई दुसरी इयत्ता शिकलेल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. "वैनगंगा कोण?" आतल्या साहेबांनी समजावलं, "बाई, हो म्हणा आणि शिक्का मारून मोकळ्या व्हा." आत्याबाई म्हणाल्या, "मी हो म्हटलं त मत वैनगंगाचं होते. मंग माह्यं कुठं गेलं?" साहेबांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. त्या दारातच बसल्या, मतदान संपेपर्यंत. मी दहा हातांवर होतो. उठून 'चूक माझी आहे' म्हणायचं होतं. नोकरीची भीती वाटली आणि मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत राहिलो. त्यांचा दीर न्यायला आला, लोकांना म्हणाला, "डोस्कं फिरलं वैनीचं, नाव इसरली," आणि गोष्ट तिथून सुरू झाली.

आत्याबाईंनी स्वतः दोष दिला तो वरच्या हापिसातल्या कुठल्याशा झोपाळू बाबूला. मग तयारीला लागल्या. कापूस वेचताना बायांना ओळीने आपापलं नाव ओरडायला लावायच्या. जी लाजेल तिचं गाठोडं डोक्यावर चढवायला हात द्यायच्या नाहीत. पुढच्या यादीच्या वेळी गावातल्या नव्या सुना त्यांनी शाळेच्या ओट्यावर रांगेत उभ्या केल्या आणि स्वतःचं नाव भांडून बदलून घेतलं. जुन्या बायांची रेशनकार्डं माझ्याच यादीवरून निघाली होती, म्हणून त्यांच्या नावांना कोणी हात लावला नाही. सुनांची नावं मी विचारून विचारून लिहिली. आत्याबाई इतक्या खूश झाल्या की घरी जाऊन भावाला म्हणाल्या, "हा मास्तर बायायची नावं लय बरोबर लिहिते," आणि स्वतःची भाची मला देऊन टाकली. माझा सगळा संसार त्या प्रशस्तिपत्रावर उभा आहे.

यंदा महिला दिनाला सौंसरच्या एका शाळेत माझ्या नातीचं भाषण होतं. ती तिथे शिकवते. भाषणात मतासाठी तुरुंगात गेलेल्या परदेशातल्या बायका होत्या, अर्जांवर अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या बायका होत्या, आणि शेवटी पोरींना हसवायला नाव विसरलेल्या पणजीआत्या होत्या. पोरी हसल्या. नव्वदीच्या आत्याबाई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या. कान गेलेले. "काय म्हणून राहिली पोट्टी?" मी कानाशी लागलो. "मोठ्यानं बोला जवाई." मग मी मोठ्याने बोललो. "आत्याबाई, तुम्ही नाव विसरल्या नव्हत्या. ती यादी मी लिहिली होती. न विचारता, मनाने. वैनगंगा मी लिहिली." सगळी शाळा ऐकत होती.

त्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे बघितलं. या वयात भाची परत मागतात की काय, असं मला वाटून गेलं. मग म्हणाल्या, "मले त माह्यं भेटलं. बाकीच्यायचं काय? गोदावरी, नर्मदा, जमना. त्या त तुमी ठेवलेल्या नावानं मेल्या."

तेव्हापासून दर रविवारी नात मला गाडीवर मागे बसवून गावात नेते. दारोदार जातो, वही काढतो, विचारतो. जे काम बाजेवर बसून उरकलं होतं ते आता करतो आहे. एका घरात टोमणा मिळाला, "सारे कागद पार्वतीचे आहेत मास्तर. आता मेल्यावर तिची चंपा करता का?" पण चहा झाला आणि चंपाच निघाली. गोदावरी म्हणजे कौतिका. नर्मदा म्हणजे तुळसा. तुळसाच्या सुनेने आमच्यासमोर भिंतीवरचा फोटो उतरवून खालचं नाव बदललं. घरी पोचलो की आत्याबाईंचा फोन येतो, "सुभद्रा. आज कोण भेटली?" मी नाव ओरडून सांगतो.

एक राहिली आहे, तापी लिहिलेली. पोरबाळ नव्हतं, लवकर गेली, घर उठून गेलं. आत्याबाईंना तिचं हसणं आठवतं, वेचताना ती गायची ते आठवतं, माहेर तिगावचं हेही आठवतं. "मले सांगितलं होतं तिनं नाव," त्या म्हणाल्या, "मीच विसरली." नातीने विचारलं, "आजोबा, तोवर तापीच लिहून ठेवू?" मी नको म्हटलं. ती ओळ कोरी सोडली आहे. येत्या रविवारी आम्ही तिगावला जाणार आहोत.