पुंजाराम माळ्याची मोजणी

जालन्यात कसब्याकडे जाताना उजव्या हाताला हौदाची बाग लागते. निजामाच्या राजवटीत, फसली १३४८ साली म्हणजे १९३९ मध्ये, ती पुन्हा उघडली. त्याआधी अकरा वर्षं तिथे बाभळी, साप आणि फुटके माठ होते. कचेरीने कुंपण घातलं, हौद दुरुस्त केला आणि कुंभार पिंपळगावच्या पुंजाराम माळ्याला नेमलं. पुंजाराम पन्नाशीचा, एकटा, कमी बोलणारा. सहा महिन्यांत त्याने मोगरा धरवला, जास्वंदी फुलवली, शेवंतीचे दोन वाफे उभे केले. बाग झाली; माणसं मात्र येईनात.

येतील कशी? सभेला परवाना लागायचा, आणि चारजण ओट्यावर बसले तरी पाचवा कोण आला हे आधी पाहावं लागायचं. अशा दिवसांत फुकटची बाकडी आणि फुलं. कोण कोणाशी बोलतो ते पाहायची ही सोय आहे, असं आमच्या गल्लीने ठरवून टाकलं. मीही त्यातच होतो. घर बागेसमोर असून मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

त्यात चिंचोक्यांचा प्रकार उघडकीला आला. पुंजाराम फाटकाशी बसे आणि कोणी आत गेलं की मांडीजवळच्या पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकी. कधी काळा, कधी भाजून साल काढलेला पांढरा.

"पांढरा म्हंजे सोडून द्यायचा, काळा म्हंजे नजर ठेवायची," कचरू शिंप्याने चौकात सांगितलं. "माझ्या नावानं काळाच टाकला त्यानं."

"तुझ्यावर कशाला नजर ठेवतेत, बाबा?" कापसाचे व्यापारी हुकमचंद सेठ म्हणाले. "सदऱ्याची बाही तं बराबर लावत न्हाई तू."

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून सेठही बागेला वळसा घालून जाऊ लागले.

कार्तिक आला. आवळी नवमीला आवळ्याखाली जेवायची रीत आमच्या घरांत आहे, मारवाडी घरांतही आहे. ओढ्याकाठचा आवळा त्या साली रस्ता रुंद करताना तुटला होता. उरला तो बागेतला एकच. तेव्हा गल्लीला दूध घालणारी झुंबरबाई फाटकाशी जाऊन उभी राहिली. ती मूळची हसनाबादची. गल्लीतल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नसत.

"पुंजाराम, ह्यो डबा कशाचा?"

"मोजणीचा, मावशी. बाप्ये काळे, बाया पांढऱ्या. कचेरीतल्या पेशकारसायबाचा हुकूम हाय. ह्या आठ दिसांत माणसं दिसली न्हाईत तं बाग मोडून गाड्यांचा अड्डा करतेत हिथं."

"आन् नावं लिहून राह्यला त्याचं काय?"

"मला माझंच नाव लिहिता येत न्हाई."

"असं समदेच म्हणतेत." झुंबरबाई डब्यात डोकावली. "आम्ही नवमीला येतो जेवायला. पर त्या दिवशी मोजायचं न्हाई. एक चिंचोका पडला की आम्ही पानावरून उठलो."

"मावशी, त्याच दिसाची मोजणी दाखवली तं बाग वाचती."

"मंग तुझं खरं कसं धरावं आम्ही?"

पुंजारामने डबा उचलून तिच्या हातात दिला. "घरी घेऊन जा."

नवमीला लोक आले. सेठांच्या चंदनबाईंनी आवळ्याला सूत गुंडाळलं. पुऱ्या, कोहळ्याची भाजी, लापशी, सगळं एकमेकांच्या पानांत गेलं. तरी बाप्ये फाटकाकडे पाठ करून बसले होते, आणि कापूस अन् वांगी सोडून कशावरही बोलत नव्हते. कचरू घासागणिक मागे वळून पुंजारामचे हात पाही. पुंजाराम हौदाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून बसला होता. बोटांवर मोजतो असं कोणी म्हणायला नको.

जेवणं झाल्यावर झुंबरबाई थांबली. "आता पत्रावळी मोजशील."

"न्हाई मोजत." त्याने कवेत मावतील तशा पत्रावळी उचलल्या आणि तिच्यादेखत खताच्या खड्ड्यात लोटल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेशकार आला. मी दारात दूध घेत होतो. झुंबरबाई माप भरत होती. फाटकातलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"नौमी को कितने आए?"

"लई आल्ते, सायेब."

"लई म्हणजे किती?"

"मोजले न्हाईत."

"मोजले नाहीत म्हणजे आले नाहीत. सोमवारी गाड्यांसाठी खुंट्या ठोकतील. तू गावी जा."

पुंजाराम काल तासलेल्या वाफ्याची माती पुन्हा पायाने सारखी करू लागला. झुंबरबाईने माप तसंच माझ्या ओट्यावर ठेवलं आणि ती रस्ता ओलांडून गेली.

"लिहा सायेब. झुंबरबाई, हसनाबादवाली. मी आल्ते जेवायला."

"बाई, नावं नकोत. आकडा पाहिजे."

"नावं लिहिली की आकडा आपोआप व्हतो. थांबा जरा." तिने गल्लीकडे तोंड करून चंदनबाईंना हाक मारली, मग एकेका घराला. बाया आल्या, मागोमाग बाप्ये आले, तोंडं पाडून. ज्या नावांसाठी सहा महिने बाग टाळली, ती प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगितली. मीही सांगितलं, सांगताना आवाज बारीक झाला. कचरूने आपलं नाव सांगून लगेच विचारलं, "हे पोलिसात जात न्हाई ना?" पेशकार पुढचं नाव लिहू लागला. कागदाची मागची बाजूही भरली तेव्हा त्याने तो दुमडून खिशात घातला.

सोमवारी खुंट्या घेऊन कोणी आलं नाही.

पुंजारामची कोणी माफी मागितली नाही. पण त्यानंतर लोक रोज संध्याकाळी बागेत येऊ लागले. का, तर त्या कागदावरून कोणाला बोलावणं आलं का, हे एकमेकांना विचारायला. हिवाळा सरला, उन्हाळा लागला, बोलावणं काही आलं नाही. विचारायचं हळूहळू बंद झालं. यायचं बंद झालं नाही.