भागूबाईच्या उशा

त्याला सगळे भागूबाई म्हणायचे आणि तोही निमूट ओ द्यायचा. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतीच्या काळोख्या पोकळीत, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून, कोपरापर्यंत ग्रीस फासून हा माणूस दोर तपासायचा. तिथून खाली पाहिलं तर भल्याभल्यांच्या पोटात गोळा येईल, पण याला काही व्हायचं नाही. पडद्यावर नुसतं दार करकरलं, की मात्र हाच पठ्ठ्या उशीत तोंड खुपसायचा.

त्याच्या या भित्रेपणावर एक अख्खी वेबसाइट उभी होती. भुताखेतांच्या सिनेमांची, 'उशीमागून' नावाची. ती तो आणि मास्तर मिळून चालवायचे. मास्तर म्हणजे मोटार शिकवणारा, भागूबाईचा शाळेपासूनचा दोस्त. लिहायचं काम मास्तरचं. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर सिनेमातलं भूत त्याला अगदीच किरकोळ वाटायचं. त्यामुळे घाबरायचं खातं भागूबाईकडे होतं.

रविवारी दुपारी मास्तरच्या खोलीत पडदे ओढून सिनेमा लागायचा. मास्तर अर्धा वेळ पडद्याकडे बघायचा आणि अर्धा वेळ भागूबाईकडे. भागूबाईनं उशी तोंडावर घेतली की मास्तर एक रेघ मारायचा. शेवटी रेघा मोजून परीक्षणाच्या डोक्यावर लिहायचं, चार उशा, नाहीतर सहा उशा. तारेबिरे देण्याची भानगडच नाही. लोकांना हे पटलं होतं. 'तुमच्या दोन उशा असल्या की मी मुलांना घेऊन बिनधास्त बघते', असं एक बाई आवर्जून कळवायची. "बाकीचे नुसती मतं देतात, आपण मोजमाप देतो," असं मास्तर कॉलर ताठ करून म्हणायचा.

आता खरं काय ते सांगूनच टाकलेलं बरं. गेलं वर्षभर भागूबाई घाबरतच नव्हता. उशीमागे तो झोपत होता.

वर्षापूर्वी त्याच्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घरात माणसं दोनच, ती आणि हा. तो कामावर असताना एक पगारी बाई असायची, ती गेली की सगळं याच्याकडे. कूस बदलायची, चमच्याचमच्यानं भरवायचं, चादरी धुवायच्या. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण झोपेत आईचा श्वास मध्येच थांबायचा. थांबायचा, आणि मग एक मोठा उसासा टाकून परत सुरू व्हायचा. डॉक्टर म्हणाले, होतं असं, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणायला डॉक्टरांच्या बापाचं काय जातं! भागूबाई लक्ष ठेवत बसला. जरा डोळा लागला की धडपडून उठायचा आणि तिच्या नाकाशी बोट धरायचा.

रविवारी दुपारी ताई यायची. ताई धीराची. डॉक्टर म्हणालेत ना होतं म्हणून, मग होतं, असं म्हणून ती आईशेजारी मासिक वाचत बसायची. "तू घरीच पड की जरा," असं ती भावाला सांगायची. "साइटचं काम आहे," म्हणत हा पायांत चपला सरकवायचा. घरी पडून उपयोगच नव्हता. भिंतीच्या पलीकडूनही त्याचे कान तिकडेच लागलेले असायचे.

मास्तरच्या सोफ्यावर मात्र किंकाळ्या सुरू झाल्या की त्याचे डोळे जड व्हायचे. आधी एकदा चुकून डुलकी लागली, मग चटकच लागली. तोंडावर उशी घ्यायची, एक डुलकी काढायची, उशी खाली, चार संवाद ऐकायचे, पुन्हा उशी. त्यामुळे झालं असं, की सिनेमा जितका रटाळ तितक्या त्याला उशा जास्त. आपण मित्राला फसवतोय हे भागूबाईला कळत होतं आणि आतल्या आत खातही होतं. पण सांगितलं तर मास्तर दुसरा घाबरट शोधणार, आणि आठवड्यातली एवढीच काय ती झोप, तीही जाणार. म्हणून तो मूग गिळून बसला.

मग तो खिडकीचा सिनेमा आला. त्यात एक बाई धुक्यातल्या बंगल्याच्या खिडकीतून बाहेर बघते, आणि शेवटपर्यंत बघतच राहते. त्याला मिळाल्या अकरा उशा. साइटवर इतक्या कुणालाच मिळाल्या नव्हत्या. लोकांनी हौसेनं तो पाहिला आणि मग दोघांवर तुटून पडले. 'अकरा उशा घेऊन आमच्या घरातले सगळे झोपले', असं एकानं लिहिलं. मुलांना घेऊन बघणाऱ्या बाईनं एवढंच लिहिलं, की आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मास्तरच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यानं तो सिनेमा एकट्यानं परत पाहिला आणि तडक भागूबाईच्या कामाच्या जागी गेला. एका कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि भागूबाई छातीपर्यंत त्या भगदाडातून वर आलेला होता.

"त्या सिनेमात तू कशाला घाबरलास?"

"त्या... खिडकीला."

"काय होतं खिडकीत?"

भागूबाईनं हातातला पाना पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. "झोपलो होतो," तो म्हणाला.

"आणि बाकीच्या सिनेमांना?"

"तेव्हाही. आई पडल्यापासून."

मास्तरचा पारा चढला. "लेका, वर्षभर? आमचा माणूस खोटं घाबरत नाही, असं मी जगाला छातीठोकपणे सांगतोय! झोपायचं तर स्वतःच्या घरी झोपायचंस ना! माझं घर काय धर्मशाळा आहे?"

"घरी भीती वाटते," भागूबाई म्हणाला. "तिचा श्वास थांबतो ना, तो सुरू होईपर्यंत माझाही थांबतो. बाकी कशाला घाबरायला माझ्यात काही उरतच नाही रे. तुझ्याकडे कुणी कितीही किंचाळलं तरी मला उठावं लागत नाही."

"मग सांगायचंस," मास्तर म्हणाला.

"तू दुसरा कुणी शोधला असतास."

"आता शोधणारच आहे," असं म्हणून मास्तर तरातरा निघाला. लिफ्ट बंद, त्यामुळे चार मजले जिन्यानंच उतरावे लागले.

त्याच संध्याकाळी साइटवर निवेदन आलं. गेल्या वर्षातल्या उशा खोट्या आहेत, चूक आमची आहे, ती परीक्षणं काढून टाकत आहोत. कारण काहीच दिलं नव्हतं. आईला भरवता भरवता भागूबाईनं ते फोनवर वाचलं आणि त्याला रडू आलं. मित्र गेला म्हणून, की झोप गेली म्हणून, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

रविवारी त्यानं ताईला येऊ नको म्हणून कळवलं. जायचं होतं कुठे? दुपारी बेल वाजली. दारात मास्तर, तोंड अजून फुगलेलंच.

"काकू कुठे आहेत?"

"आत. झोपल्यात."

"मग तूही झोप, इथे बाहेर. मी त्यांच्यापाशी बसतो. आणि मी अजून चिडलेलो आहे, गैरसमज नको."

"श्वास थांबला तर..."

"माहीत आहे. थांबतो आणि परत येतो. मला शिकवू नकोस."

भागूबाई बाहेरच्या खोलीत आडवा झाला. डोळे मिटले, पण कान काही मिटेनात. थोड्या वेळानं त्याला कुणीतरी गदागदा हलवलं. मास्तर होता, चेहरा पांढराफटक.

"अरे, थांबला होता श्वास! मी नाकाशी हात धरला, काहीच नाही. हाक मारणार तुला, तेवढ्यात आला. किती वेळ थांबतो रे! रोज असं होतं?"

"रोज."

"आणि तू एकटाच बसतोस?"

भागूबाई उठायला लागला. "जा तू घरी. घाबरलास. मी बघतो."

मास्तरनं त्याला खांद्याला धरून खाली दाबलं. "घाबरलोय ना, मग मला आता झोप लागणार आहे का? तू पड."

तो आत गेला. खुर्ची पलंगाला अगदी खेटून ओढल्याचा आवाज आला. वर्षभर भागूबाई या घरात एकटाच घाबरत आला होता. आता ते काम दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. आत आईचा श्वास पुन्हा थांबला आणि परत सुरू झाला, तेव्हा तो गाढ झोपलेला होता.