पस्तिसाव्या किलोमीटरवरून आलेला फोन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला असायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय... आणि भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय.

आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या बंगळुरूत बसवनगुडीला राहतो. मी आयटीत. दरवर्षी एक नवा देश, एक मॅरेथॉन – हे माझं खूळ. गेल्या वर्षी पोर्तुगालला गेलो तेव्हा वडील, म्हणजे नाना, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. पायात हळूहळू जोर येत होता, पण व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचे. तरी मी गेलोच. तिकीट काढलेलं होतं ना!

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. सरळ ट्रॅम पकडली, फिनिशजवळ उतरलो, पळणाऱ्यांच्या गर्दीत हळूच घुसलो आणि मेडल गळ्यात घालून घेतलं. शी! लिहितानासुद्धा मान वर होत नाही.

घरी परतलो तर नाना दारात उभे. काठी टेकून!

माझ्यामागे शेजारच्या गायत्रीअक्का त्यांच्यापाशी बसायच्या. म्हणाल्या, "तुझा फोन आल्यापासून ऐकेनात रे. स्वल्प, जरा दमानं घ्या म्हटलं तरी गेटपर्यंत चालतात."

"कसला फोन?"

"अरे, पस्तिसाव्या किलोमीटरवरून केलास तो!" नाना म्हणाले. "काय धापा टाकत होतास! म्हणालास, पाय उचलत नाहीयेत, पण सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. म्हटलं, पोरगं एवढं मरमर करतंय, आपण काय लोळत पडायचं?"

माझा फोन तेव्हा स्टार्टला जमा केलेल्या बॅगेत होता. नानांच्या मोबाइलवर मात्र माझ्या नावाचा चार मिनिटांचा कॉल... रिझल्ट उघडला. तीस, पस्तीस, चाळीस – प्रत्येक ठिकाणी माझ्या बुटावरच्या, वेळ नोंदवणाऱ्या चिपची वेळ लागलेली. मी तर ट्रॅममध्ये खिडकीशी बसलो होतो!

महिनाभर तोंड शिवून राहिलो. खरं सांगितलं आणि नाना पुन्हा अंथरूण धरून बसले तर? पण ते आल्यागेल्याला मेडल दाखवायला लागले, तेव्हा राहवेना. सगळं सांगून टाकलं.

नानांनी हातातलं मेडल खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग तो दुसरा... तो पोचला का रे?"

फिनिशला वेळ एकच लागलीय, माझी. चाळिसाव्या किलोमीटरपुढे त्याचं काय झालं, मुळात तो होता कोण, आजही मला कळलेलं नाही.

नानांनी काठी उचलली. मी आधाराला पुढे झालो, तर म्हणाले, "राहू दे. मी जातो चालत."