हरलेल्या घरातला गुलाल

त्या पोरीचं प्रकरण आठवलं की अजूनही जीव भांड्यात पडल्यासारखं वाटतं. खून नाही, दरोडा नाही. एक बिघडलेला लॅपटॉप आणि नाकारलेला विमा. नाव सांगत नाही, पोर सुखानं नांदते आहे.

मी तेव्हा कोल्हापुरात सहायक फौजदार होते. विमा कंपनीचा तक्रार अर्ज आला आणि साहेबांनी तो चौकशीला माझ्याकडे दिला. शिवाजी पेठेतल्या एका सुनेनं लॅपटॉपवर पाणी सांडल्याचं सांगून भरपाई मागितली होती. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, तर बटणांखाली लाल भुकटी. कंपनीनं ठरवून टाकलं, हिनं मुद्दाम काहीतरी टाकलं. विमा तर नाकारलाच, वर फसवणुकीचा गुन्हा नोंदवा म्हणून अर्ज. ही बाई घरी बसून लग्नपत्रिका करून द्यायची. ऐन लग्नसराईत काम बंद, आणि डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार.

जबाबाला आली ती नवरा आणि सासूला घेऊनच.

"पाणी सांडलं म्हणतीस, मग ह्यो लाल रंग कुठला?"

"रंगपंचमीचा असंल, बाई."

"लॅपटॉप घेतलास दिवाळीत. रंगपंचमी अजून यायची हाय की."

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खोटं बोलणारा चोर पोलिसाच्या तोंडाकडे बघत असतो, आपलं पटलं का म्हणून. ही बघत होती सासूकडे. मी नवऱ्याला आणि सासूला बाहेर चहाला पाठवलं आणि अर्जातली पाणी सांडल्याची तारीख परत वाचली. त्या दिवशी तर मी मैदानावर बंदोबस्ताला उभी होते! फुटबॉलचा सामना, आणि शिवाजी पेठेचा संघ हरलेला. आमच्या कोल्हापुरात जिंकलेले गुलाल उधळत फिरतात, हरलेले दारं लावून बसतात. मग हरलेल्या घरात गुलाल आला कुठनं?

"तुझं माहेर कुठल्या पेठेत गं?"

झालं, पोर रडायलाच लागली. माहेर जिंकलेल्या पेठेतलं. सासरची माणसं अजून मैदानावर, तेवढ्यात तिचा थोरला भाऊ मिरवणुकीतनं निसटून आला. एका हातात मोबाईल, व्हिडिओ चालू, दुसऱ्या हातानं बहिणीला गुलाल. ती हसत मागं सरली, कोपर तांब्याला लागलं आणि पाणी, गुलाल सगळं लॅपटॉपवर. म्हणजे पाणी सांडलं हे खरंच होतं. लपवला होता तो गुलाल.

"व्हिडिओ हाय न्हवं? मग दाखव की कंपनीला."

"नको बाई, मामंजींना कळंल. मॅच हरल्यापास्नं धड जेवलं न्हाईत ते."

"आणि सुनेवर गुन्हा पडला, तर जेवतील व्हय?"

मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही संगं घरी या."

सासरा एके काळचा गोलकीपर, पेठेत दरारा. त्यानं व्हिडिओ बघितला. "परत लाव," म्हणाला. परत बघितला.

"दुसरा गोल ऑफसाइड हुता," तो म्हणाला.

मग माझ्याकडं वळून, "लिवा बाई, माझाबी जबाब. गुलाल ह्याच घरात सांडलाय." आणि सुनेला, "तुझ्या भावाला सांग, पावण्यावानी ये म्हणावं. चोरावानी काय येतोस?"

सासू पदरात तोंड घालून हसत होती.

फसवणुकीचा हेतू दिसत नाही, असा अहवाल मी दिला. पोरीनं खरं काय ते लिहून, व्हिडिओ जोडून कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज केला. कंपनीच्या परगावच्या साहेबाचा मला फोन आला, "मॅडम, फुटबॉल आणि गुलाल, काही पटत नाही."

"मग या की एकदा सामन्याला. फक्त पांढरा शर्ट घालू नका."

पुढं तिचाच फोन आला, "बाई, मंजूर झाला." मी खुर्चीत टेकले आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

त्यानंतर चौकशीला बसले की माणूस काय लपवतोय, यापेक्षा कुणापासून लपवतोय ते मी आधी बघायची. पुष्कळदा ते पोलिसांपासून नसतंच. घरातल्या एकाचं मन दुखू नये म्हणून माणसं कोठडीच्या दारापर्यंत जातात. आणि त्या घरातल्या माणसाला जाऊन विचारावं, तर तो म्हणतो, "एवढंच व्हय? मग सांगायचं की."