खरी गोळी

शालनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आक्का, ह्ये उठंनात," एवढंच ती म्हणाली. गेली कित्येक वर्षं माझी ही भावजय फोनवर हेच सांगत आली होती. पण त्या सकाळी तिच्या आवाजात तक्रार नव्हती... माझा धाकटा भाऊ महादेव गेला, हे मला तेवढ्यावरूनच कळलं. कोल्हापूरहून कबनूरला पोचेपर्यंत मनात आशा होती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आता त्याला सव्वा महिना झाला.

महादेव यंत्रमागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शेडच्या दारात उभा राहून, नुसत्या आवाजावरून तो कुठला माग आजारी आहे ते सांगायचा. असा माणूस कशामुळे प्यायला लागला, असं लोक विचारतात. सांगण्यासारखं कारण नव्हतं. तो गप्प होत गेला, भिंतीकडे बघत बसू लागला, आणि पिऊ लागला. आधी उदासी आली की आधी दारू, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. माळ घालून झाली, देवासमोर शपथा झाल्या. मग मी, जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी प्राथमिक शिक्षिका, कुणीतरी दिलेली, दारू सोडवायची पूड त्याच्या आमटीत गुपचूप कालवली. त्यानंतर तो प्यायला आणि माझ्याच अंगणात ओकून ओकून अर्धमेला झाला. "काय घातलंतंस, आक्का?" त्यानं विचारलं. मी "काय न्हाई," म्हणाले. त्याला कळलं होतंच. पुढं सहा वर्षं तो माझ्या घरी पाणीही प्यायला नाही.

दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली म्हणून त्याला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. उदासीवरच्या गोळ्यांनी दारू कमी होते का, ते त्यांना तपासायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली, ते अभ्यास संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

"म्हंजे फसवणार व्हय?" महादेवनं विचारलं.

"तुम्हाला आधी सांगून," त्या म्हणाल्या.

तो कितीतरी दिवसांनी हसला. "सांगून फसवणारं आजवर कुणी भेटलं न्हवतं," असं म्हणत त्यानं माझ्याकडे बघितलं नाही... बघायची गरजच नव्हती. त्यानं कागद सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि सही केली.

कावीळ उतरली, सगळ्या तपासण्या झाल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी तो एसटीनं यायचा, मी स्टँडवर उभी असायची. डॉक्टर विचारायच्या, किती प्यायलात? आम्हाला आयुष्यभर थापा मारलेला माझा भाऊ तिथं अगदी खरं सांगायचा. पहिला महिना काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तो स्टँडकडे न वळता माझ्या घराच्या वाटेला लागला. आत येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ की." मी ताट वाढलं. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, आमटी मागून घेतली. माझा भाऊ परत आला, असं मला वाटलं. शालनही सांगायची, रात्रीची झोप लागते, भिंतीकडे बघत बसणं थांबलंय.

पण पिणं थांबलं नव्हतं. त्यानंच एकदा डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलं, "मन हलकं झालंय, बाई. खोटं कशाला बोलू? पण दिवस कलला की पाय आपलं आपण जात्यात. आधी रडत जायचो, आता बरा हाय म्हणून जातो." त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांची मान वर झाली नाही.

अभ्यास संपल्यावर काही महिन्यांनी त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं. महादेवला खरी गोळी मिळाली होती. एकाला लागू पडली नाही म्हणून सगळ्यांना पडणार नाही असं नाही, दारूवर वेगळी औषधं आहेत, भरती होता येईल, असंही त्या कळकळीनं सांगत राहिल्या. महादेव मान डोलवत होता. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला.

"खोटी असती तर बरं झालं असतं, आक्का," तो म्हणाला.

"का रे?"

"खरी मिळंल कवातरी, म्हणून वाट तरी बघितली असती."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तो पुन्हा त्या दवाखान्यात आला नाही. मी दोनदा कबनूरला जाऊन विनवलं, डॉक्टरांनी स्वतः फोन केला. त्यांच्याशी तो अदबीनं बोलला, "येतो की," म्हणाला, आणि गेला नाही. पोटात पाणी झालं, पाय सुजले, शेडमधलं काम सुटलं. शेवटी तर तो माझ्यावर रागवायचासुद्धा नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

परवा शालनकडे गेले. कडी वाजवली. तिनं दार उघडलं, आणि काही बोलायच्या आधीच पुढं होऊन माझ्या तोंडाजवळ एक खोल श्वास घेतला. दारात आलेल्या माणसाचा असा वास घेऊन ती इतकी वर्षं ठरवत आली होती, आजची संध्याकाळ कशी जाणार ते... मग तिच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाली.

"या, आक्का," ती म्हणाली. "आत या की."